एरर फक्त ६, फिल्डिंग पर्सेंटेज .९८९, तरी क्षेत्ररक्षण उणे कसं?

तिसरा_बेस

मंडळी, बेसबॉलमधलं एक कोडं सोडवून द्या. डेरेक जीटर, न्यूयॉर्क यँकीज, हंगाम २०१०. शॉर्टस्टॉपला (सेकंड आणि थर्ड बेसच्या मधली जागा) उभं राहून अख्ख्या हंगामात एरर फक्त ६. फिल्डिंग पर्सेंटेज .९८९, कारकिर्दीतलं सर्वोत्तम. त्या वर्षीचा गोल्ड ग्लव्हही (क्षेत्ररक्षणाचा पुरस्कार) त्यालाच, तो पाचवा. पण त्याच हंगामाचे डीआरएस (डिफेन्सिव्ह रन्स सेव्ह्ड, क्षेत्ररक्षणाने वाचवलेल्या धावा; क्रिकेटमधलं डीआरएस नव्हे) आणि यूझेडआर (अल्टिमेट झोन रेटिंग) पाहिले तर दोन्ही उणे. म्हणजे सरासरी शॉर्टस्टॉप उभा केला असता तर यँकीजने कमी धावा दिल्या असत्या, असं हे आकडे म्हणतात.

क्रिकेटमध्ये सुटलेले झेल मोजतात तसंच इथे एरर मोजतात, एवढं कळतं. पुढचं गणित कळत नाही. शिवाय आजच्या खेळाडूंसाठी स्टॅटकास्टचं (मोठ्या लीगची कॅमेऱ्यांची मोजणी) ओएए (आउट्स अबव्ह अ‍ॅव्हरेज, सरासरीपेक्षा जादा आउट) आणखी तिसरंच काही सांगतं. तर प्रश्न असे :

१. फिल्डिंग पर्सेंटेज पूर्ण टाकाऊ आहे का?
२. डीआरएस, यूझेडआर, ओएए यांच्यात फरक का पडतो आणि कुठला धरायचा?
३. आंतरमहाविद्यालयीन सामन्यांत कॅमेरे नसतात, फक्त स्कोअरची वही असते. तिथे यातलं काय जमेल?

आकडेमोड

कोड्याचं उत्तर छेदात आहे. फिल्डिंग पर्सेंटेज म्हणजे पुटआउट आणि असिस्ट यांची बेरीज भागिले पुटआउट, असिस्ट आणि एरर यांची बेरीज. छेदात येतात ते फक्त दोन प्रकारचे चेंडू : ज्यांवर खेळाडूने आउट मिळवला किंवा मिळवायला मदत केली, आणि जे स्कोअररच्या मते त्याने घ्यायला हवे होते. शॉर्टस्टॉपपासून दोन पावलांवरून निसटून सेंटर फील्डला (मागच्या मैदानाच्या मधोमध) गेलेला चेंडू वहीत सिंगल (एका बेसची हिट) म्हणून लागतो, पिचरच्या नावावर हिट चढतो, आणि शॉर्टस्टॉपच्या रकान्यात काहीच पडत नाही. जीटरचं दुखणं नेमकं तिथेच होतं. त्याच्या डावीकडचे, सेकंड बेसच्या दिशेने जाणारे ग्राउंडर (जमिनीवरून जाणारे चेंडू) तो इतरांच्या मानाने कमी गाठायचा. जे हातात आले ते मात्र फार स्वच्छ खेळायचा. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत.

आता दुसरं टोक बघा. ओझी स्मिथ, सॅन डिएगो पॅड्रेस, १९८०. १५८ सामने, २८८ पुटआउट, ६२१ असिस्ट, २४ एरर. फिल्डिंग पर्सेंटेज .९७४. एररच्या हिशेबाने जीटरच्या चौपट वाईट! पण ६२१ असिस्ट हा शॉर्टस्टॉपसाठी एका हंगामाचा विक्रम आहे आणि अजून कुणी मोडलेला नाही.

बिल जेम्सने १९७०च्या दशकात रेंज फॅक्टर पुढे आणला तो याचसाठी. पुटआउट अधिक असिस्ट, भागिले सामने. (पुढे सामन्यांऐवजी इनिंग धरून त्याला ९ने गुणायची पद्धत आली, तीच वापरावी. शेवटच्या एका इनिंगपुरता बदली आलेला खेळाडू सामन्यांच्या हिशेबात उगाच आळशी दिसतो.) सामन्यांच्या हिशेबाने स्मिथचा १९८०चा रेंज फॅक्टर ५.७५, जीटरचा २०१०चा ३.६२.

मात्र हे दोन आकडे असेच शेजारी ठेवू नका. प्रत्येक संघाला सामन्यात साधारण २७ आउट घ्यायचे असतात, त्यातले स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइकवर बाद झालेले बॅटर) क्षेत्ररक्षकांच्या वाट्याला येत नाहीत. १९८०मध्ये दर संघामागे सामन्याला सुमारे ४.८ स्ट्राइकआउट होत, २०१०मध्ये सुमारे ७.१. म्हणजे मैदानात घ्यायचे आउट २२.२ वरून १९.९ वर आले. ३.६२ ला २२.२ ने गुणून १९.९ ने भागलं की ४.०४ येतात. काळाचा फरक काढूनही अंतर मोठंच राहतं, पण आधी दिसलं तेवढं नाही. पिचर ग्राउंडर देणारे होते की फ्लाय बॉल (हवेत उंच जाणारे चेंडू) देणारे, डावखुरे किती होते, याची दुरुस्ती अजून झालेलीच नाही.

एररच्या व्याख्येत आणखी दोन भोकं आहेत. नियमाची कसोटी आहे 'साधारण प्रयत्नात' जमलं असतं का, आणि ते ठरवतो अधिकृत स्कोअरर. एक स्कोअरर जिथे हिट देतो तिथे दुसरा एरर देतो. दुसरं म्हणजे, चेंडू हळू उचलला आणि त्या वेळात धावपटू पोचला, तर हाताची चूक नसल्यास नियमाप्रमाणे तो एरर नाहीच. चुकीच्या बेसकडे फेकायचा निर्णय घेतला, तोही एररमध्ये येत नाही. डबल प्ले (एकाच चेंडूवर दोन आउट) गृहीत धरायचा नाही हाही नियमच आहे. त्यामुळे दुसरा आउट हळू हातांमुळे हुकला, तर त्याचा मागमूस राहत नाही.

फर्स्ट बेसमन आणि कॅचरसाठी तर हा आकडा जवळजवळ काहीच सांगत नाही. फर्स्ट बेसमनचे बहुतेक पुटआउट दुसऱ्याने फेकलेला चेंडू पकडल्याचे असतात आणि कॅचरला प्रत्येक स्ट्राइकआउटचा पुटआउट मिळतो. छेद असा फुगला की सगळेच .९९च्या वर जातात.

पूर्ण टाकाऊ का? नाही. शॉर्टस्टॉप आणि थर्ड बेसला ३०-३५ एरर होत असतील तर ते खरं नुकसान आहे आणि ते मोजलंच पाहिजे. फक्त तो क्षेत्ररक्षणाचा एक भाग आहे, तोही लहान.

गोल्ड ग्लव्ह हा पुरावा म्हणून धरू नका. १९५७ पासूनचा तो मान आहे, मोजमाप नाही. मॅनेजर आणि कोच मतं देतात. १९९९मध्ये राफाएल पाल्मेरोला फर्स्ट बेसचा गोल्ड ग्लव्ह मिळाला तेव्हा तो त्या हंगामात फर्स्ट बेसला २८ सामने उभा राहिला होता, बाकी डेझिग्नेटेड हिटर (फक्त बॅटिंग करणारा). २०१३ पासून निवडीत २५ टक्के वजन आकडेवारीच्या निर्देशांकाला दिलं, त्यानंतर निवडी बऱ्याच सुधारल्या.

हँगटाइम

दुसऱ्या प्रश्नाचं घेतो. तिन्ही पद्धती विचारतात एकच : हा चेंडू सरासरी क्षेत्ररक्षकाने किती वेळा आउट केला असता? समजा तशा चेंडूंचे ३० टक्के वेळा आउट होतात. तुम्ही आउट केलात तर +०.७०, नाही केलात तर −०.३०. हंगामभराची बेरीज करा, धावांत बदला, झालं. सगळी भानगड 'तसा चेंडू' म्हणजे कसा, यात आहे.

यूझेडआर (मिचेल लिक्टमनची पद्धत) आणि डीआरएस (जॉन ड्यूअन आणि त्यांची कंपनी, २००३च्या हंगामापासून) यांचा कच्चा माल एकच : व्हिडिओ पाहून माणसांनी केलेली नोंद. चेंडू कुठे गेला, ग्राउंडर की लाइन ड्राइव्ह (हवेतून सरळ, बसका जाणारा) की फ्लाय, जोर किती. यूझेडआर मैदानाचे मोठे भाग पाडतं आणि अनेक वर्षांच्या सरासरीशी तुलना करतं. डीआरएसचे कप्पे बारीक आहेत, आणि त्यात होमरन वाचवणं, चांगले आणि वाईट खेळलेले प्रसंग असे जादा घटकही धरतात. माल एक, स्वयंपाक दोन, म्हणून एकाच खेळाडूचे आकडे ५-१० धावांनी वेगळे येणं नेहमीचं आहे.

माणसाच्या नोंदीत दोन ठिकाणी गफलत होते. एक, लाइन ड्राइव्ह आणि फ्लाय यांची सीमारेषा. तोच चेंडू उंच प्रेस बॉक्समधून बसका दिसतो, खालून उंच दिसतो. लाइन ड्राइव्हवर आउट कमी होतात, त्यामुळे शिक्का बदलला की अपेक्षित टक्केवारीच बदलते. दोन, क्षेत्ररक्षक चेंडूजवळ पोचला तर नोंद करणाऱ्याला चेंडू सोपा वाटतो. वेगवान सेंटर फील्डरचं श्रेय अशा रीतीने आपोआप कापलं जातं.

पण सगळ्यात मोठी त्रुटी म्हणजे या जुन्या पद्धतींना क्षेत्ररक्षक सुरुवातीला कुठे उभा होता हे माहीत नसतं. २०१२मध्ये टोरोंटोच्या ब्रेट लॉरीचं डीआरएस अचानक भयंकर वर गेलं. संघ त्याला शिफ्टमध्ये (बॅटर पाहून क्षेत्ररक्षक नेहमीच्या जागेवरून हलवतात तेव्हा) थर्ड बेसवरून उचलून उजव्या मैदानाच्या अलीकडे उभा करत होता. तिथे आलेले साधे ग्राउंडर त्याने आउट केले की गणिताला वाटायचं, थर्ड बेसमनने हे कसं गाठलं! मग डीआरएसमध्ये शिफ्टचे चेंडू खेळाडूच्या खात्यातून काढून संघाच्या खात्यात टाकले. यूझेडआर असे चेंडू सोडूनच देत असे. २०२०मध्ये डीआरएसने इनफील्डसाठी (बेसच्या आसपासचे क्षेत्ररक्षक) उभं राहण्याची जागा, हवेतले चेंडू, रेंज आणि थ्रो असे चार हिस्से वेगळे केले आणि २०१३ पर्यंत मागे जाऊन आकडे नव्याने काढले. जागेचा हिस्सा खेळाडूच्या खात्यात धरत नाहीत.

ओएएचा पाया वेगळा आहे. २०१५ पासून मोठ्या लीगच्या ३०ही मैदानांत स्टॅटकास्ट आलं, आधी रडार आणि कॅमेरे मिळून, २०२० पासून हॉक-आयचे १२ कॅमेरे. पिच सुटताना कोण कुठे उभा होता हे मोजलेलं असतं. आउटफील्डसाठी विचार होतो चार गोष्टींचा : किती अंतर जायचं होतं, किती वेळ होता, मागे पळायचं होतं का, भिंत जवळ होती का. यातून झेलाची शक्यता निघते. ०-२५ टक्के असेल तर पंचतारांकित झेल, २६-५० चार तारे, ५१-७५ तीन, ७६-९० दोन, ९१-९५ एक. इनफील्डसाठी : चेंडू अडवायच्या बिंदूपर्यंतचं अंतर, तिथे पोचायला मिळालेला वेळ, तिथून ज्या बेसवर फेकायचं त्याचं अंतर, आणि फोर्स प्लेमध्ये (पळणाऱ्याला पुढच्या बेसवर जावंच लागतं तेव्हा) पळणाऱ्याचा वेग. हे शेवटचं फार मोलाचं. तोच ग्राउंडर जड कॅचरने मारला तर सोपा, चपळ डावखुऱ्याने मारला तर अवघड. जुन्या पद्धतीत दोघे एकाच कप्प्यात.

आउट धावांत बदलताना स्टॅटकास्ट इनफील्डसाठी ०.७५ आणि आउटफील्डसाठी ०.९ ने गुणतं. सिंगल सुमारे +०.४७ धावांची, आउट सुमारे −०.२७ चा, फरक पाऊणच्या आसपास. आउटफील्डला सुटलेले चेंडू डबल आणि ट्रिपलही होतात म्हणून तिथला भाव जास्त.

ओएएलाही मर्यादा आहेत. मूळ ओएए फक्त आउट झाला की नाही एवढंच पाहतं. चेंडू झटकन अडवून डबलची सिंगल केली, किंवा फेकीच्या धाकाने धावपटूला थर्डवर थांबवलं, ते त्यात नाही. त्यासाठी स्टॅटकास्टचंच फिल्डिंग रन व्हॅल्यू बघा, त्यात रेंज, थ्रो, डबल प्ले आणि कॅचरचं काम एकत्र केलेलं असतं. आणि उभं राहण्याची जागा आधीच वजा झाल्यामुळे, स्वतः फलंदाज वाचून दोन पावलं सरकणाऱ्या हुशार खेळाडूचं ते श्रेय ओएएमध्ये बुडतं. मला ही खरी त्रुटी वाटते. पण बहुतेक संघांत जागा बेंचवरून ठरतात, म्हणून चालवून घ्यावं लागतं.

कुठला धरायचा? २०१६ पासूनच्या हंगामांसाठी आधी ओएए किंवा फिल्डिंग रन व्हॅल्यू, जोडीला डीआरएस. २००३ ते २०१५ साठी डीआरएस आणि यूझेडआर दोन्ही. दोघांचं चिन्ह एकच असेल तर भरवसा ठेवा. जीटरच्या बाबतीत बहुतेक वर्षं दोन्ही उणे आहेत, त्यामुळे तिथे वाद उरत नाही. २००३च्या आधीच्या खेळाडूंसाठी बेसबॉल-रेफरन्सवर टोटल झोन असतं, ते फक्त सामन्याच्या लिखित नोंदींवरून काढलेलं आहे, तेवढ्याच विश्वासाने वाचा.

तिसरा_बेस

धन्यवाद दोघांनाही, छेदाचा मुद्दा एकदम लख्ख झाला. दोन उपप्रश्न. एका हंगामात एकाचं +३ आणि दुसऱ्याचं −४ असेल तर पहिला चांगला म्हणायचं का? आणि घरबसल्या कच्च्या आकड्यांवरून स्वतः हिशेब करायचा असेल तर कुठून सुरू करू?

वजाबाकी

+३ आणि −४ वरून काहीही म्हणू नका. कारण नुसता नशिबाचा हिस्सा केवढा आहे तो काढून बघा.

समजा शॉर्टस्टॉपकडे हंगामात ४५० चेंडू आले. ३०० सोपे, आउटची शक्यता ९५ टक्के. ८० मधले, ५० टक्के. ७० जवळजवळ अशक्य, १० टक्के. प्रत्येक गटासाठी संख्या गुणिले शक्यता गुणिले (१ वजा शक्यता) :

३०० × ०.९५ × ०.०५ = १४.२५
८० × ०.५० × ०.५० = २०
७० × ०.१० × ०.९० = ६.३

बेरीज ४०.५५, वर्गमूळ सुमारे ६.४ आउट. पाऊणने गुणलं की ४.८ धावा. म्हणजे अगदी सरासरी शॉर्टस्टॉपही निव्वळ योगायोगाने एका वर्षी +५ आणि पुढच्या वर्षी −५ दाखवू शकतो, आणि त्याच्या खेळात तसूभर फरक पडलेला नसतो. नोंदीतल्या चुका यात धरलेल्याच नाहीत. म्हणूनच यूझेडआरबद्दल सांगितलं जातं की तीन हंगाम एकत्र करा, मग फलंदाजीच्या एका हंगामाइतका भरवसा येतो. +१५ च्या पुढे गेलात की एका वर्षातही काहीतरी खरं असतं. आंड्रेल्टन सिमन्स २०१३मध्ये डीआरएस +४१, केव्हिन किअरमायर २०१५मध्ये +४२, असले आकडे नशिबाने येत नाहीत.

वरच्या गणितात आणखी एक बघा : सगळ्यात जास्त फरक मधल्या ८० चेंडूंवर पडतो. क्षेत्ररक्षक एकमेकांपासून वेगळे दिसतात ते तिथे. टीव्हीवर दाखवतात ते डाइव्ह बहुतेक शेवटच्या ७० मधले असतात.

स्वतः हिशेब करायला लाहमन डेटाबेस घ्या, फुकट आहे. त्यातल्या फिल्डिंगच्या तक्त्यात प्रत्येक खेळाडू, वर्ष, संघ आणि जागा यांनुसार पुटआउट, असिस्ट, एरर, डबल प्ले आणि मैदानावर असताना झालेले आउट असे रकाने आहेत. इनिंग थेट नाहीत, आउटच्या रूपात आहेत, तिनाने भागा. इथे पहिली चूक होते : लोक तो रकाना इनिंग समजून वापरतात आणि रेंज फॅक्टर एक-तृतीयांश येतो. दुसरी चूक, हंगामाच्या मध्यात संघ बदललेल्या खेळाडूच्या दोन ओळी असतात, त्या नकळत एकत्र होतात. पुढची दुरुस्ती संघावर अवलंबून असल्याने त्या वेगळ्याच ठेवा.

मग असं करा. आधी संघाचे मैदानात खेळले गेलेले चेंडू काढा : सामोरे आलेले बॅटर, वजा वॉक (चार बॉलवर फुकट मिळालेला बेस), वजा हिट बाय पिच (पिच अंगाला लागून मिळालेला बेस), वजा स्ट्राइकआउट, वजा होमरन. लीगसाठी तेच काढा. शॉर्टस्टॉपसाठी फक्त असिस्ट घ्या, पुटआउट नकोत. त्याच्या पुटआउटमध्ये सेकंड बेसवर दुसऱ्याचा थ्रो पकडल्याचे आणि कुणीही घेतला असता असे पॉप-अप भरलेले असतात. लीगमधल्या सगळ्या शॉर्टस्टॉपचे असिस्ट भागिले लीगचे मैदानी चेंडू, हा तुमचा दर.

आकडे समजुतीसाठी घेतो. दर १० टक्के. संघाचे मैदानी चेंडू ४,३००. आपला खेळाडू संघाच्या १,४४० पैकी १,२०० इनिंग खेळला. अपेक्षित असिस्ट ४,३०० × ०.१० × (१,२०० ÷ १,४४०) = ३५८. प्रत्यक्षात ३७६. +१८ आउट, म्हणजे +१३.५ धावा. खूश व्हायच्या आधी पिचर बघा. या संघाचे ग्राउंडर मैदानी चेंडूंच्या ४८ टक्के असतील आणि लीगचे ४४, तर अपेक्षा ३५८ × ४८ ÷ ४४ = ३९१ होते. आता तोच खेळाडू −१५ आउट, म्हणजे सुमारे −११ धावा. एका दुरुस्तीने चिन्हच फिरलं! ग्राउंडरचं प्रमाण धरल्याशिवाय असिस्टवरून शॉर्टस्टॉपबद्दल एक वाक्यही लिहू नये, असं माझं ठाम मत आहे. त्यानंतर डावखुऱ्या पिचरांच्या इनिंगचा वाटा बघा. त्यांच्यासमोर उजवे बॅटर जास्त येतात आणि ग्राउंडर थर्ड बेस आणि शॉर्टस्टॉपकडे वळतात.

शेवटी पडताळा. संघाची डिफेन्सिव्ह एफिशियन्सी काढा : १ वजा (होमरन सोडून हिट ÷ मैदानी चेंडू). उदाहरण : ६,१०० बॅटर, ५०० वॉक, ६० हिट बाय पिच, १,३५० स्ट्राइकआउट, १८० होमरन, तर मैदानी चेंडू ४,०१०. एकूण हिट १,३५०, होमरन वजा जाता १,१७०. एफिशियन्सी .७०८. लीगची .७०० असेल तर संघाने सुमारे ३३ आउट जादा घेतले. आता तुम्ही काढलेल्या सगळ्या खेळाडूंची बेरीज +९० येत असेल तर हिशेब कुठेतरी फुगलाय. नेमकी ३३ यायलाच हवी असं नाही, कारण त्या ३३ मध्ये पिचर आणि मैदान यांचाही हात आहे, पण जवळपास यावी.

मैदानावरून आठवलं. बोस्टनच्या फेनवे पार्कमध्ये लेफ्ट फील्डची भिंत ३७ फूट उंच आणि होम प्लेटपासून रेषेवर जेमतेम ३१० फुटांवर आहे. भिंतीवर वरच्या बाजूला आदळणारा चेंडू कुणाच्याच हाती लागत नाही, पण साध्या झोनच्या हिशेबात तो लेफ्ट फील्डरने सोडलेला ठरतो. बोस्टनच्या लेफ्ट फील्डरचे जुने आकडे म्हणूनच भिंतीची दुरुस्ती केली आहे का ते बघून वाचा. डेन्व्हरच्या कूर्स फील्डचं आउटफील्ड अवाढव्य आहे, तिथेही तेच.

स्कोअरची_वही

तिसरा प्रश्न राहिला, तो माझ्या आवडीचा. कॅमेऱ्याशिवाय पुष्कळ जमतं, पण वहीत दोन रकाने वाढवावे लागतील आणि ते सामना चालू असतानाच भरावे लागतील. नेहमीच्या स्कोअरशीटवर ६-३ लिहिलं की शॉर्टस्टॉपने अडवून फर्स्टला फेकला एवढं कळतं. सिंगल लिहिली की चेंडू कुणाच्या जवळून गेला ते कळत नाही, आणि हवं असतं नेमकं तेच.

दोन फाउल रेषांमधला कोन ९० अंशांचा. त्याचे १५ अंशांचे सहा फाळके पाडा, थर्ड बेसच्या रेषेपासून अ, आ, इ, ई, उ, ऊ. प्रत्येक मैदानी चेंडूसाठी लिहा : फाळका, प्रकार (ग्राउंडर, लाइन, फ्लाय, पॉप), जोर (मंद, मध्यम, जोरदार), कोणी खेळला, निकाल. ग्राउंडरचा फाळका चेंडू बेसच्या रेषा ओलांडतो तिथला लिहायचा, जिथे थांबला तिथला नाही. ही चूक सर्रास होते. सेंटर फील्डरने उचललेला चेंडू 'मधला' लिहितात, पण तो शॉर्टस्टॉपच्या डावीकडून निघून वळलेला असतो.

सहा फाळके आणि तीन जोर मिळून १८ कप्पे झाले. २० सामन्यांत दोन्ही संघांचे मिळून समजा ४०० ग्राउंडर आले, तर कप्प्याला सरासरी २२. एवढ्यावर टक्केवारी थरथरते. म्हणून सुरुवातीला मध्यम आणि जोरदार एकत्र करा, मंद वेगळा ठेवा, कारण मंद ग्राउंडरचं कौशल्य पुढे धावून येऊन एका हाताने फेकण्याचं, म्हणजे वेगळंच. बारा कप्पे राहतात. प्रत्येक कप्प्यात सगळ्या संघांनी मिळून किती आउट केले तो तुमचा दर, मग हँगटाइम यांनी सांगितलं तसं अधिक-उणे.

दोन जणांना वेगवेगळं लिहायला बसवा, एकाला प्लेटच्या मागे आणि दुसऱ्याला फर्स्ट बेसच्या बाजूला. डावानंतर जुळवा. फाळका बहुतेक जुळतो, जोर जुळत नाही. जोरासाठी घड्याळ वापरा : बॅटचा आवाज झाल्यापासून चेंडू इनफील्डरपर्यंत किंवा त्याच्या रेषेपर्यंत यायला लागलेला वेळ मोबाइलच्या स्टॉपवॉचवर घ्या आणि त्यावरून गट पाडा. नुसत्या नजरेपेक्षा कितीतरी बरं.

शॉर्टस्टॉप आणि सेकंड बेसमन पिचच्या वेळी कुठल्या फाळक्यात उभे होते ते एका अक्षरात टिपा. फर्स्टवर धावपटू असताना डबल प्लेसाठी ते बॅगकडे सरकतात, आणि मग भोकातून गेलेला ग्राउंडर त्यांच्या माथी मारणं अन्यायाचं आहे. असे चेंडू वेगळ्या यादीत ठेवा.

आपल्याकडे महाविद्यालयांत सॉफ्टबॉलही तितकाच खेळला जातो. त्याचे आकडे यात मिसळू नका. तिथे बेसमधलं अंतर ६० फूट, बेसबॉलला ९०. वेळ इतका वेगळा की दरांचा तक्ता नव्यानेच करावा लागतो. आणि मैदान खडबडीत असेल तर उसळीमुळे हुकलेल्या चेंडूवर एक खूण करा. ते हिशेबातून वगळू नका, पण खूण असलेल्यांचा दर वेगळा काढा.

मास्क_मिट

कॅचरचा विषय कुणीच घेतला नाही म्हणून थोडक्यात. वरचं काहीही कॅचरला लागू होत नाही. त्याचं सर्वात मोठं मोल फ्रेमिंगमध्ये, म्हणजे काठावरचा पिच स्ट्राइक म्हणून मिळवण्यात. स्टॅटकास्टच्या हिशेबाने बॉलचा स्ट्राइक झाला की सरासरी ०.१२५ धावा. हंगामात असे १०० पिच जादा मिळवले की १२.५ धावा, आणि त्याची स्कोअरशीटवर एक रेघ उमटत नाही. होजे मोलिना वर्षानुवर्षं संघात टिकला तो याच जोरावर, बॅटने फार काही केलं म्हणून नव्हे.

चोरी रोखण्याच्या टक्केवारीपासून सावध. त्यातला अर्धा कारभार पिचरचा असतो. कॅचरचा पॉप टाइम, म्हणजे चेंडू मिटमध्ये आल्यापासून सेकंड बेसवर पोचेपर्यंतचा वेळ, साधारण २ सेकंद, उत्तम असेल तर १.९. पिचरने प्लेटकडे फेकायला वेळ लावला तर हे १.९ वाया. आणि २०२३च्या नियमबदलानंतर (बेस १५ इंचांवरून १८ इंचांचे, पिचरला बॅटरमागे दोनदाच मोकळेपणाने रबर (पिच टाकायची पट्टी) सोडता येतो) मोठ्या लीगमध्ये चोऱ्या २,४८६ वरून ३,५०३ वर गेल्या. त्यामुळे २०२२ आणि २०२३ची टक्केवारी शेजारी ठेवून कॅचर म्हातारा झाला असा निष्कर्ष काढू नका. त्या त्या वर्षीच्या लीगच्या सरासरीशीच तुलना करा.

तिसरा_बेस

फारच उपयोगी. शेवटचं एक : लेफ्ट फील्डला +८ आणि शॉर्टस्टॉपला ०, यात चांगला क्षेत्ररक्षक कोण?

आकडेमोड

शॉर्टस्टॉप, आणि बऱ्याच फरकाने. हे सगळे आकडे त्याच जागेवरच्या सरासरीशी तुलना करतात. लेफ्ट फील्डला बॅट चालते म्हणून उभे केलेले अनेक जण असतात, तिथली सरासरीच खाली आहे. फॅनग्राफ्स पूर्ण हंगामाला जागेनुसार अशी भर घालतं : कॅचर +१२.५, शॉर्टस्टॉप +७.५, सेकंड बेस, थर्ड बेस आणि सेंटर फील्ड +२.५, लेफ्ट आणि राइट फील्ड −७.५, फर्स्ट बेस −१२.५, डेझिग्नेटेड हिटर −१७.५.

म्हणजे तुमचा लेफ्ट फील्डर ८ − ७.५ = +०.५, शॉर्टस्टॉप ० + ७.५ = +७.५. खेळाडू अर्धाच हंगाम खेळला असेल तर भरही अर्धी करा, हे बरेचदा राहून जातं. आणि एकच खेळाडू दोन जागी खेळला असेल तर प्रत्येक जागेच्या इनिंगच्या प्रमाणात वेगळी भर घालून मग बेरीज करा.